चिखलाची बखर

"सर, मडफ्लॅप टाकायचे का न्हाई, ते आज सांगून टाका. म्या रबर कापून ठिवतो," मिस्त्री म्हणाला.

प्रश्न साधा होता. 'हो' म्हणायचं किंवा 'नाही' म्हणायचं. एखाद्या सुखी माणसानं दोन्हीपैकी एक उत्तर देऊन चहा मागवला असता. पण मी हयातभर शाळेत इतिहास शिकवला आहे. इतिहासाच्या मास्तराला 'हो किंवा नाही' हा प्रकार जमत नाही. त्याला आधी पार्श्वभूमी लागते, मग कारणं लागतात, त्यांत पुन्हा तात्कालिक कारण वेगळं काढावं लागतं, आणि शेवटी परिणाम लिहून खाली रेघ मारावी लागते. मंडईत भेंडी घेतानासुद्धा मी भावाची पार्श्वभूमी विचारतो, म्हणून सौ. मला मंडईत पाठवीत नाही.

तेव्हा मिस्त्रीला मी म्हणालो, "दोन दिवस दे."

"सर, पानिपतची तारीक इचारली न्हाई म्या, मडफ्लॅप इचारला," मिस्त्री म्हणाला. तो माझाच विद्यार्थी. पानिपतची तारीख त्याला शाळेत कधी आली नव्हती, पण टोमणा मारायला ती बरोबर आठवते.

आता पार्श्वभूमी. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रा करतात, मी जीप घेतली. ही माझी हौस नव्हे. आमचं वडिलोपार्जित शेत डांबरी रस्त्यापासून तीन किलोमीटर आत आहे, आणि ते तीन किलोमीटर म्हणजे अस्सल काळी रेगड. पावसाळ्यात त्या वाटेनं साधी गाडी गेली तर ती रब्बीच्या पेरणीपर्यंत परत येत नाही. म्हणून चारही चाकांना जोर लागणारी जुनी जीप २०१३ साली एका गृहस्थांकडून घेतली. तिच्या वयाचा दाखला नीटसा मिळाला नाही, पण आवाजावरून ती माझ्याहून थोडीच लहान असावी. तिला दारं नव्हती, घड्याळ नव्हतं, आणि मागच्या चाकांमागं दोन गंजलेले बोल्ट तेवढे होते. तिथं कधीकाळी मडफ्लॅप असावेत असा पुरातत्त्वीय तर्क करता येत होता.

बारा वर्षं तो तर्क तसाच पडून राहिला. कारण जीप आली आणि तिच्यामागोमाग दुष्काळ आला. २०१६ साली तर शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ज्या मुलखात प्यायचं पाणी आगगाडीत बसून येतं, तिथं जीपला मडफ्लॅप लावणं म्हणजे टकल्यानं जडावाचा कंगवा विकत घेण्यासारखंच. उस्मानाबाद (आता धाराशिव म्हणायचं, जिल्ह्याचं नाव २०२३ साली बदललं, जिभेचं अजून बदलतं आहे) हा पर्जन्यछायेतला जिल्हा. इथं धूळ हे बारमाही पीक, चिखल हा पाहुणा.

पण पाहुणा कधीकधी बिऱ्हाडासकट येतो. २०२५ च्या सप्टेंबरात पावसानं मागची सगळी बाकी एकदम फेडली. परंडा-भूमकडे नद्या शेतांतून चालल्या आणि माणसांना हेलिकॉप्टरनं उचलावं लागलं. आमच्याकडे तेवढा प्रसंग आला नाही, पण शेतावरून परतलो तेव्हा जीपचा मूळ रंग सांगायला कागदपत्रं काढावी लागली असती. मागची नंबरप्लेट गडप झाली होती. ताडपत्रीच्या छतावरसुद्धा चिखलाचे गोळे बसले होते. मागून मोटारसायकलवर येणारा शेजाऱ्यांचा मुलगा घरी पोचला, तेव्हा त्याच्या आईनं त्याला आधी आवाजावरून ओळखलं.

हे झालं तात्कालिक कारण.

तज्ज्ञांची साक्ष घ्यावी म्हणून आधी शेजारचे निवृत्त ओव्हरसियर गाठले. ते मडफ्लॅपच्या बाजूनं होते. "मास्तर, चिखलाचं सोडा. डांबरी रस्त्यावरची खडी चाकानं उडते ती बंदुकीच्या छऱ्यासारखी बसते. पत्र्याचा रंग टवका उडून जातो, तिथं गंज धरतो. दोन रबराच्या तुकड्यांनी पत्रा वाचतो." त्यांनी उभा जन्म खडी अंथरण्यात घालवला असल्यामुळं ती निघून कुठं जाते याची त्यांना खात्रीची माहिती होती.

मग पुण्याला जावईबापूंना फोन केला. त्यांच्याकडे नवी, चारचाकी जोराची, चकचकीत गाडी आहे. दर रविवारी ते ती सह्याद्रीच्या एखाद्या ओढ्यात घालतात आणि सोमवारी पैसे देऊन धुवून घेतात. ते मडफ्लॅपचं नाव काढताच कळवळले. "बाबा, मुळीच लावू नका! खडकावरून रिव्हर्स घेतलात की फ्लॅप चाक आणि दगड यांच्यामध्ये सापडतो आणि बोल्टासकट उपटून येतो. चढावर मागं घासतो. खऱ्या ऑफ-रोडवाल्यानं फ्लॅप काढून ठेवायचे असतात." ऑफ-रोड हा शब्द ते फार आदरानं उच्चारतात. आमच्या शेताची वाट तीन पिढ्या ऑफ-रोड आहे, पण त्याचा अभिमान वाटावा हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

मिस्त्रीचं मत दोघांच्या मधलं होतं. "रेगडीचा चिखल लई वंगाळ, सर. फ्लॅप चाकाच्या जवळ असला की मदी चिखल गच्च बसतो अन् चाकच धरून ठिवतो." हे मात्र मला पटलं. काळ्या मातीतली सायकल ज्यानं चालवली आहे त्याला ते पटेलच. मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये चिखल असा दाटतो की चाक फिरणं बंद होतं. मग काडीनं चिखल कोरायचा, दहा पावलं जायचं, पुन्हा कोरायचं, आणि शेवटी सायकलच खांद्यावर घ्यायची. आमच्याकडे पावसाळ्यात माणूस सायकलवर बसतो त्यापेक्षा सायकल माणसावर अधिक बसते. म्हणून कित्येक जण सायकलचे मडगार्ड काढूनच टाकीत आणि पाठीवर चिखलाची उभी रेघ घेऊन हिंडत.

सौ. स्वयंपाकघरातून हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "अहो, पत्र्याला विचारलंत, दगडाला विचारलंत. तुमच्या गाडीच्या मागं जो असतो त्याला विचारा की."

हे मत ऐतिहासिक आधाराशिवाय असल्यामुळं मी ते सोडून दिलं आणि ग्रंथालयात गेलो.

तिथं मला पहिल्यांदा कळलं की आमच्या जिल्ह्याच्या चिखलाची नोंद परदेशात झाली आहे, आणि तीही सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी. 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' हे ग्रीक भाषेतलं व्यापारी वाटाड्याचं पुस्तक इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं. लिहिणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. त्यात पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवरच्या तगर नावाच्या पेठेचा उल्लेख आहे. हे तगर म्हणजे आमचं तेर, तेरणा नदीकाठचं. इथलं साधं कापड आणि मलमल गाड्यांत भरून भडोचला जाई आणि तिथून जहाजांनी पश्चिमेकडे. हे सांगताना त्या लेखकानं आणखी एक गोष्ट टिपली आहे, ती अशी की या गाड्या मोठमोठ्या, रस्ता नसलेल्या मुलखातून येतात.

वाचून ऊर भरून आला. रोमच्या बायका आमच्याकडची मलमल नेसत होत्या याचा आनंद झालाच, पण 'रस्ता नाही' ही तक्रार दोन हजार वर्षं सलग टिकवणारा दुसरा जिल्हा दाखवा! तेरच्या संग्रहालयात सातवाहनकाळच्या मातीच्या बाहुल्या, शंखाच्या बांगड्या, हस्तिदंती वस्तू पाहायला मिळतात. मी तिथं मुद्दाम जाऊन आलो. मडफ्लॅप नाही. बैलगाडीला त्याची गरजही नसावी. बैलाच्या चालीला चाक चिखल उचलतं आणि जिथल्या तिथं सोडतं. चिखल उडायला वेग लागतो. चाक जितकं जोरात फिरेल तितका चिखल लांब जातो. म्हणजे मडफ्लॅप हा खरं पाहता चिखलावरचा उपाय नव्हे, घाईवरचा आहे.

तेरला गेलो म्हणजे गोरोबाकाकांच्या देवळात जाणं आलंच. चिखलाचा इतिहास लिहायचा आणि गोरा कुंभार वगळायचे, हे कुठल्याही परीक्षकाला चालणार नाही. नामस्मरणात तल्लीन होऊन ते चिखल तुडवीत होते, रांगत आलेलं लेकरू पायाखाली गेलं आणि त्यांना कळलं नाही, ही कथा आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असते. लहानपणी आजी ती सांगायची तेव्हा मी पुढं ऐकायचोच नाही. विठ्ठलानं लेकरू परत दिलं हे ती घाईघाईनं सांगून टाकी, तरी माझं लक्ष चिखलातच राही. मोठेपणी लक्षात आलं की या कथेत भक्ताचा गौरव आहे तसा एक धाकही आहे. मन प्रत्यक्ष पांडुरंगाच्या ठायी असलेल्या माणसालाही पायाखाली काय येतंय हे पाहण्यातून सूट मिळाली नाही. मग ज्याचं मन मोबाईलमध्ये आहे त्याला ती कशी मिळावी?

तिसरी नोंद नळदुर्गची. एकेकाळी हेच जिल्ह्याचं ठिकाण होतं. १८५३ नंतर काही वर्षं मेडोज टेलर हा लेखकराव अधिकारी इथं कारभार पाहत होता. पण माझा मुद्दा टेलरचा नाही, पाण्याचा आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, बोरी नदीवर किल्ल्यातच धरण बांधलं आणि धरणाच्या भिंतीच्या पोटात महाल केला. पावसाळ्यात नदी भरली की 'नर' आणि 'मादी' या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं, आणि पाणीमहालात उभा असलेला माणूस खिडकीतून ते पाहतो. डोक्यावरून नदी जाते, पण अंगावर थेंब येत नाही. मी तिथं वर्गाच्या कितीतरी सहली नेल्या. मुलांना सनावळ्या सांगितल्या, दगडी बांधकाम दाखवलं. पण या खेपेला उभा राहिलो तेव्हा डोक्यात एकच विचार आला: आमच्या जिल्ह्यातला हा पहिला मडफ्लॅप! वेगानं येणारं पाणी अडवायचं नाही, त्याला फक्त आतल्या माणसाच्या अंगावर येऊ द्यायचं नाही. मिस्त्रीला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आदिलशानं रबर कुटलं वापरलं म्हणायचं, सर?"

आता जीप. या वाहनाचा जन्मच घाईचा. दुसरं महायुद्ध पेटलेलं असताना १९४० च्या जुलैत अमेरिकी लष्करानं १३५ कारखान्यांना पत्रं पाठवली आणि नमुना तयार करून द्यायला ४९ दिवसांची मुदत घातली. बँटम या छोट्या कंपनीनं सप्टेंबरात नमुना नेऊन उभा केला. मग नेहमीप्रमाणे छोट्याची कल्पना आणि मोठ्यांचं कंत्राट असं झालं. विलीज आणि फोर्ड यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीपा बनवल्या. 'जीप' हे नाव कुठून आलं यावर पंडितांत एकमत नाही. कुणी म्हणतात लष्करी आद्याक्षरांवरून, कुणी म्हणतात पॉपाय खलाशाच्या चित्रमालिकेत १९३६ साली अवतरलेल्या, कुठंही जाऊ शकणाऱ्या 'जीप' नावाच्या प्राण्यावरून. मला दुसरी व्युत्पत्ती आवडते. आमची जीपही प्राणीच आहे. फक्त कुठंही जाण्याऐवजी ती कुठंही थांबू शकते.

हिंदुस्थानात जीप जुळवायला काढली ती महिंद्रांनी. पण १९४५ साली कंपनी निघाली तेव्हा तिचं नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होतं. फाळणी झाली, भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले. तिथं ते पहिले अर्थमंत्री आणि १९५१ साली गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ साली कंपनीची 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली आणि १९४९ साली माझगावात जीप जोडली जाऊ लागली. आद्याक्षरं मात्र तीच राहिली. वाटणी होऊनही पाटीवरची अक्षरं बदलावी लागली नाहीत, असं दुसरं उदाहरण निदान आमच्या भावकीत तरी नाही.

त्याच १९४८ साली जीपनं स्वतंत्र भारताला पहिला गाजलेला घोटाळाही दिला. काश्मीरच्या लढाईसाठी लंडनमधले आपले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी दोन हजार जीपांचा करार केला. आल्या १५५, आणि त्याही लष्कराच्या कामाच्या निघाल्या नाहीत. संसदेत भरपूर चिखलफेक झाली. सरकारनं १९५५ साली प्रकरण मिटलं म्हणून जाहीर केलं आणि १९५७ साली मेनन संरक्षणमंत्री झाले. राजकारणात चिखल उडवणारे आणि ज्यांच्यावर उडतो ते, दोघेही पुढं जातात. मागं राहतो तो पाहणारा.

आमच्या जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना लष्करी गाड्यांचा ताफा पाहायला मिळाला तो १३ सप्टेंबर १९४८ रोजी. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांची फौज सोलापूरहून निघाली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग आणि बोरीवरचा पूल तिच्या ताब्यात आला. पाच दिवसांत निजामी राज्य संपलं. वडील तेव्हा विशीत होते. रझाकारांच्या धाकानं लपवून ठेवलेला तिरंगा गावात कुणीतरी उघड्यावर काढला तेव्हा म्हातारी माणसं रडली, असं ते सांगत. मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा दिवस आम्ही १७ सप्टेंबरला साजरा करतो आणि तो साजरा करावा असाच आहे.

पण बखर लिहायची तर पुढचं पानही लिहिलं पाहिजे. ताफे पुढं गेल्यावर मागं जे झालं तेही इतिहासातच आहे. आधी रझाकारांनी गावं जाळली होती, माणसं मारली होती. नंतर त्याचा सूड ज्यांच्यावर निघाला त्यांतल्या बहुतेकांचा त्या जाळपोळीशी संबंध नव्हता. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं दिलेल्या अहवालात सर्वांत जास्त झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत आमच्या जिल्ह्याचं नाव आहे. तो अहवाल कितीतरी दशकं कपाटातच राहिला. मी हा धडा पस्तीस वर्षं शिकवला. १३ तारखेपासून १७ तारखेपर्यंत यायचो आणि घंटा व्हायची. १८ तारीख माझ्या वर्गात कधी उजाडलीच नाही.

असो. मडफ्लॅपकडे येतो.

लष्कर गेलं, जीप राहिली. तिच्यात आता साहेब बसू लागले. तहसीलदारांची जीप, गटविकास अधिकाऱ्यांची जीप, वसुलीची जीप. गावात जीप आली की निम्मं गाव गोळा होई आणि निम्मं गाव शेतात पळे. कोण कुठल्या निम्म्यात, हे सारा भरला आहे की नाही यावर ठरे. १९७६ साली नसबंदीच्या दिवसांत तर जीपचा नुसता आवाज आला की धडधाकट माणसं उसात शिरत.

माझी आणि जीपची पहिली भेट १५ ऑगस्ट १९६३ ची. मी नऊ वर्षांचा होतो. वडील प्राथमिक शिक्षक, शाळा शेजारच्या गावाला, आम्ही पायी निघालो होतो. रात्रभर पाऊस पडून गेलेला. वडिलांच्या अंगावर वर्षातून दोनदाच निघणारं धोतर, खादीचा सदरा आणि टोपी होती. आईनं आदल्या दिवशी भाताच्या पेजेची खळ घालून, तांब्यात निखारे भरून कपड्यांना इस्त्री केली होती. वडील चिखलातून असे चालत होते, की जणू ते कपडे त्यांना कुणी हाताळायला उसने दिले आहेत.

मागून जीप आली. कुठल्या खात्याची ते सांगत नाही, खात्याचा दोष नव्हता. आम्ही बाजूला झालो. चाक खड्ड्यात गेलं आणि खड्ड्यातला सगळा चिखल वडिलांच्या अंगावर आला, टोपीपासून धोतराच्या काठापर्यंत. जीप थांबली नाही. वडिलांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या पलीकडे होतो, त्यामुळं कोरडा राहिलो होतो. मग चष्मा पुसला आणि म्हणाले, "चल, उशीर होतोय."

शाळेपुढं तीच जीप उभी होती. साहेब झेंडावंदनाचे पाहुणे होते. त्यांनी आमच्या वडिलांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पुढं वीस मिनिटं मुलांपुढं भाषण केलं. विषय होता 'स्वच्छता'. शिक्षकांनी स्वतःच्या पोशाखातून मुलांपुढं आदर्श ठेवला पाहिजे, असंही ते म्हणाले. वडील हात बांधून उभे होते. शेवटी त्यांनी आभार मानले, तेही नीट, नेहमीसारखे, एकही शब्द न चुकता.

परतताना मी विचारलं, "तुम्ही सांगितलं का नाही त्यांना?"

"त्यांना दिसलंच नसेल रे," वडील म्हणाले. "जीपमधून पुढचं दिसतं."

रेगडीचा डाग धुऊन जात नाही. त्या धोतरावर तो फिकट होऊन राहिला. वडील ते पुढं रोज शाळेत नेसू लागले. डागाचा आकार जरा आफ्रिका खंडासारखा होता, म्हणून भूगोलाच्या तासाला ते तो मुलांना दाखवीत. मुलं हसत, वडीलही हसत. मी मात्र वर्गातल्या मागच्या बाकावर बसून खाली मान घालायचो. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

इतकी पार्श्वभूमी झाल्यावर निर्णय घेणं भाग होतं. मिस्त्रीकडे गेलो आणि म्हणालो, "टाक."

त्यानं काम चांगलं केलं. साखर कारखान्यातून निघालेल्या जुन्या पट्ट्याचं जाड रबर आणलं. चाकापासून हातभर मागं लावलं, म्हणजे मध्ये चिखल दाटू नये. खालून टाचेएवढं वर ठेवलं, म्हणजे घासू नये. आणि दोन्ही फ्लॅपना साखळी आणि आकडा बसवला. शेतात शिरताना फ्लॅप वर टांगायचे, डांबरीवर आलं की खाली सोडायचे. ओव्हरसियरांचा पत्रा वाचला, जावईबापूंचा रिव्हर्स वाचला, रेगडीचाही मान राहिला. सर्वपक्षीय तोडगा निघाल्यामुळं मी इतका खूश झालो, की सौ.ला बसवून लगेच चक्कर मारायला निघालो.

कोजागरीचे दिवस होते. तुळजापूरच्या वाटेवर पायी चालणाऱ्यांची रीघ लागली होती. गळ्यात कवड्यांच्या माळा, कपाळाला मळवट, पाय अनवाणी. मी आरशात पाहत होतो. मागं काहीही उडत नव्हतं. मागचा मोटारसायकलवाला स्वच्छ होता. मी सौ.ला म्हणालो, "बघ, मागच्याला विचारलं!" आणि एवढ्यात पुढचं चाक खड्ड्यात गेलं.

चिखल मागं गेला नाही, तो बाजूला गेला. बाजूनं एक म्हातारी नातीचा हात धरून चालली होती. तिचं अर्धं लुगडं काळं झालं.

मी जीप थांबवली. बासष्ट वर्षांनी का होईना, पण थांबवली. खाली उतरलो, हात जोडले. काय बोलावं ते सुचेना. ज्या माणसाला दोन हजार वर्षांची पार्श्वभूमी तोंडपाठ आहे त्याला एका लुगड्यापुढं शब्द सापडेना. सौ.नं पाण्याची बाटली काढली, पदरानं म्हातारीचं तोंड पुसलं. म्हातारी नातीकडे पाहत होती. नात पलीकडच्या अंगाला होती, कोरडी होती.

"ऱ्हाऊ द्या बाबा," म्हातारी म्हणाली. "आईच्या वाटंचा चिखल हाय, कल्लोळात धुऊन निगंल. पर जरा दमानं."

आणि ती चालू लागली.

घरी आल्यावर मी जमिनीवर उकिडवा बसून जीपकडे बराच वेळ पाहिलं. मडफ्लॅप चाकाच्या मागं असतो, तो मागचा चिखल अडवतो. बाजूला जो उडतो त्याला तो काहीही करू शकत नाही. म्हणजे १९६३ साली त्या जीपला चांगले चार मडफ्लॅप असते, तरी वडिलांचं धोतर वाचलं नसतं. ते वाचवायला चालवणाऱ्याचा पाय ब्रेकवर यायला हवा होता. इतकी वर्षं मी रबराला दोष देत आलो, की निदान एखाद्या निर्जीव वस्तूला तरी दोष देता यावा.

म्हणून फ्लॅप काढले नाहीत. मागचाही माणूसच आहे.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे पेंटर बसला होता. "सर, फ्लॅपवर काय लिहायचं? एका फ्लॅपवर एकच शब्द बसंल." लोक देवाचं नाव लिहितात, लेकरांची नावं लिहितात. मी विचार केला आणि सांगितलं. डावीकडे 'जरा', उजवीकडे 'दमानं'. पांढऱ्या रंगात, ठळक.

मिस्त्रीनं लांब उभं राहून वाचलं आणि डोकं खाजवलं. "झकास हाय, सर. पर हे मागच्याला दिसनार. गाडी तर तुमी चालवनार. तुमच्यासाटी म्होरं काचंखाली बी लिहू का?"

मी म्हटलं, "नको. तिथं शेजारी सौ. बसते."